ऋणनिर्देश आणि तळटीप

कुठलंही जाडजूड पुस्तक हातात आलं की मी आधी ऋणनिर्देशाचं पान काढते. मग शेवटी जाऊन संदर्भसूची बघते. मधलं पुस्तक त्यानंतर. तीस वर्षं एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काढल्यावर लागलेली ही खोड आहे आणि निवृत्तीनंतरही ती गेलेली नाही. ऋणनिर्देशात बायका भेटतात. पत्नीने मुद्रितं तपासलेली असतात, वहिनींनी वेळीअवेळी चहापाणी पाहिलेलं असतं, मुलीने सूची करून दिलेली असते आणि आईने लहानपणी कथा सांगितलेल्या असतात. संदर्भसूचीत पुरुष भेटतात. आईने सांगितलेल्या त्या कथांवर पुस्तकातलं एक अख्खं प्रकरण उभं असतं, पण त्या प्रकरणाच्या तळटीपांत आई कुठेच नसते. तिला पहिल्या पानावर नमस्कार करून बाहेरच्या खोलीत बसवलेलं असतं.

ऋणनिर्देश लेखकाच्या मर्जीवर असतो. मानले आभार तर मानले, नाही तर राहिले, कुणी जाब विचारत नाही. तळटीपेचं तसं नाही. ती वाचकाला सांगते की हे मी इथून घेतलं, या पानावरून घेतलं, माझ्यावर विश्वास नसेल तर जाऊन बघ. ज्याचं नाव तळटीपेत येतं त्याच्या शब्दाला पुरावा म्हणून किंमत असते. म्हणून कुणाचं नाव कुठे घातलंय हे मला महत्त्वाचं वाटतं. आमच्या घरात सध्या हाच विषय वर्षभर चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

झालंय असं की माझ्या नणंदेची मुलगी पीएच.डी. करते आहे. विषय आपल्या सीमाभागातल्या जैन बायकांची गाणी. तीर्थंकरांचे पाळणे, पंचकल्याणकाच्या वेळची पदं, व्रताच्या उद्यापनाला सांगायच्या कथा. चिकोडी, निपाणी, सदलगा आणि इकडे बेळगावच्या आसपासची खेडी तिने पालथी घातली. पण प्रबंधाचा कणा आमच्याच घरातल्या ट्रंकेत होता. सासूबाईंची वही. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. आत्ती आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत. ही वही त्यांनी लग्नाआधी, १९५१ साली, टाकाने लिहिली. निळा पुठ्ठा, शिवण उसवलेली, बासष्ट पदं. पहिल्या पानावर त्यांचं माहेरचं नाव, गाव आणि साल. अक्षर बाळबोध, भाषा मराठी, आणि मध्येच सहज येऊन बसलेले कानडी शब्द. पाळण्याला काही पदांत ‘पाळणा’ आहे, काही पदांत ‘तोट्टिल’.

भाचीने पहिलं प्रकरण मार्गदर्शकांना दिलं तेव्हा त्यांनी लाल शाईने शेरा मारला: घरगुती वही हा संदर्भ होत नाही, छापील पुस्तकाचा संदर्भ द्यावा, आजींचे आभार ऋणनिर्देशात मानावेत.

आता छापील पुस्तक म्हणजे काय, तर पंचवीसेक वर्षांपूर्वी समाजाच्या एका कार्यक्रमाची स्मरणिका निघाली होती. तिच्यासाठी एक गृहस्थ आत्तींकडून हीच वही पंधरा दिवसांच्या बोलीवर घेऊन गेले. वही परत आली, सोबत स्मरणिकेची एक प्रत आणि नारळ. स्मरणिकेत वहीतली अकरा पदं छापलेली, वर ‘पारंपरिक’ आणि खाली ‘संकलन’ म्हणून त्या गृहस्थांचं नाव. आत्तींचं नाव कुठेच नाही. त्या वेळी घरात कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. नारळाची बर्फी झाली.

“म्हणजे मामी,” भाची म्हणाली, “आज्जीनं लिहिलेलं मी आज्जीच्या घरात बसून वाचायचं आणि खाली नाव त्यांचं घालायचं. तो संदर्भ. आणि आज्जीचं नाव घातलं की ते घरगुती.”

मुलगी चिडली होती, आणि चिडण्यासारखंच होतं. पण चिडून प्रबंध लिहिता येत नाही. आधी हे नियम कशासाठी आहेत ते नीट बघायला हवं, असं मी तिला म्हटलं आणि आमच्या दोघींची शिकवणी सुरू झाली. कोण कुणाची घेत होतं ते सांगणं कठीण आहे.

आपल्या घरांतून अचौर्य हा शब्द लहानपणापासून कानावर असतो. तत्त्वार्थसूत्राने चोरीची व्याख्या फार थोडक्यात केली आहे: जे दिलेलं नाही ते घेणं. कुलूप तोडायला लागत नाही, रात्र लागत नाही. भाचीला हे वाक्य प्रबंधाच्या प्रस्तावनेत हवं होतं आणि तिने तळटीप लिहिली, तत्त्वार्थसूत्र ७.१५. मी म्हटलं, कुठली आवृत्ती? ती म्हणाली, मामी, सूत्राला कसली आवृत्ती, सूत्र ते सूत्र.

तसं नसतं. दिगंबर परंपरेच्या पाठात तत्त्वार्थसूत्राची ३५७ सूत्रं आहेत, श्वेतांबर पाठात ३४४. सातव्या अध्यायात दिगंबर पाठात व्रतांच्या भावनांची पाच सूत्रं स्वतंत्र येतात, दुसऱ्या पाठात ती नाहीत, त्यामुळे पुढचे सगळे क्रमांक सरकतात. चोरीची व्याख्या आपल्याकडे ७.१५ आहे आणि त्यांच्याकडे ७.१०. नुसता आकडा देऊन मोकळं झालं तर गुजरातेतला एखादा वाचक त्याच्याकडचं पुस्तक उघडेल आणि त्याला पंधराव्या सूत्रात भलतंच काही सापडेल. तो तुला खोटं ठरवील आणि त्याच्या जागी तो बरोबरच असेल.

प्रवचनसाराचंही असंच. अमृतचंद्रांच्या टीकेत गाथा २७५ आहेत, जयसेनांच्या टीकेत ३११. ‘प्रवचनसार, गाथा दोनशे’ म्हणजे कुठली? हे मी भाचीला सांगायला गेले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये होते. आपल्या सदलग्याचे, जन्म १९०६. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवायचे. त्यांनी संपादित केलेला प्रवचनसार १९३५ मध्ये मुंबईहून निघाला. त्याची इंग्रजी प्रस्तावना स्वतंत्र ग्रंथासारखी आहे. कुठल्या पाठात कुठली गाथा जास्त आहे, ती कुठे येते, तिच्याबद्दल शंका का, हे त्यांनी किती निगुतीने नोंदवलंय ते बघावं. सदलग्याच्या बसस्टँडवर उभं राहून भाचीने मला फोन केला होता, “मामी, उपाध्ये इथले?” इथलेच. तळटीप ही पुण्या-मुंबईहून आपल्याकडे आलेली चैन आहे, असं आमच्या काही प्राध्यापकांना वाटतं. त्यांनी एकदा उपाध्ये वाचावेत.

उपाध्यांचीच दुसरी एक गोष्ट. जोइंदूंचा परमात्मप्रकाश त्यांनी १९३७ मध्ये काढला. त्या अपभ्रंश दोह्यांतले काही हेमचंद्रांच्या प्राकृत व्याकरणात उदाहरण म्हणून आलेले आहेत, पण कर्त्याचं नाव न घेता. व्याकरणाच्या पुस्तकात तशीच रीत होती, त्यात वाईट हेतू नव्हता. उपाध्यांनी ते दोहे जुळवून दाखवले आणि जोइंदू हेमचंद्रांच्या आधीचे हे ठरवायला त्याचा आधार घेतला. आठशे वर्षांनी कुणीतरी बसून जुळवलं म्हणून कळलं. नाव घातलं असतं तर ते एवढं शोधायला लागलं नसतं.

तर अचौर्याकडे परत येते. त्याच अध्यायात या व्रताचे पाच अतिचार सांगितलेत. आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या दुकानदारी, त्यामुळे ते दुकानाच्या भाषेतच समजावले जातात: दुसऱ्याला चोरी करायला लावणं, चोरून आणलेला माल घेणं, राज्याचा कायदा मोडून व्यवहार करणं, मापात कमीजास्त करणं आणि अस्सल म्हणून नक्कल खपवणं. ग्रंथालयात बसून मी हे पाचही पाहिले आहेत. पंडितजी मान्य करतील की नाही कोण जाणे, पण माझा हिशेब असा.

पैसे देऊन प्रबंध लिहून घेणारे असतात, तो पहिला. दुसरा फार सर्रास आहे आणि चांगल्या चांगल्यांकडून होतो. मूळ ग्रंथ डोळ्यांनी पाहिलेला नसतो. कुणीतरी आपल्या पुस्तकात त्यातला उतारा दिलेला असतो. तो उतारा तिथून उचलायचा आणि तळटीप मात्र थेट मूळ ग्रंथाची द्यायची. मधला माणूस गायब. एका यादीत एका ग्रंथाचं साल चुकून छापलं गेलं होतं, ते चुकीचं साल मी नंतरच्या कितीतरी प्रबंधांत पाहिलं. मूळ पुस्तक आमच्या कपाटात होतं आणि त्यावर साल ठळक छापलेलं होतं. कुणी उघडलंच नव्हतं. अशा वेळी सरळ ‘उद्धृत’ लिहावं, अमुकांच्या पुस्तकात अमुक पानावर उद्धृत. त्यात कमीपणा नाही.

मापाचं काय विचारता. अर्धं पान दुसऱ्याचं घ्यायचं आणि तळटीप फक्त शेवटच्या वाक्याला लावायची, म्हणजे वाचकाला वाटावं की बाकीचं यांचंच. किंवा उलट, बारा पुस्तकं वाचायची आणि यादीत ऐंशी लावायची. राज्याचा कायदा म्हणजे आता विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम, त्यावर पुढे येते. आणि नक्कल? ती हल्ली फार सोपी झाली आहे. मोबाइलला विचारलं की तो लेखक, साल, प्रकाशक, पान क्रमांक सगळं सांगतो, आणि असं पुस्तक जगात झालेलंच नसतं. भाचीच्या एका मैत्रिणीने असा एक संदर्भ माझ्याकडे शोधायला पाठवला होता. मी तीन दिवस शोधला. तो नव्हताच.

आयोगाचे नियम २०१८ चे. प्रबंध संगणकावर तपासला जातो आणि दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो ते टक्क्यांत येतं. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचा. ४० ते ६० असेल तर एक वर्ष थांबायचं. ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नीट श्रेय देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे मोजत नाहीत. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टींसाठी सलग चौदा शब्दांची सूट आहे. आता चोवीस तीर्थंकरांची नावं ओळीने लिहिली तर शब्द होतात चोवीस! आमच्या भाचीच्या अहवालात ती यादी लाल रंगात आली होती. ती हसत सुटली.

हसू येतं, पण यंत्राला शब्द तेवढे दिसतात. कधीही संगणकावर न चढलेल्या स्मरणिकेतून पानंच्या पानं उतरवली तर यंत्र शून्य दाखवील. कानडीतून मराठीत आणलं तरी शून्य. आणि आत्तींच्या वहीतून सगळं घेऊन त्यांचं नाव गाळलं तर ते शून्यच. नियमाने निर्दोष. म्हणून टक्केवारी खाली आली की लोक सुटकेचा श्वास टाकतात, त्याचं मला बरं वाटत नाही.

श्रेय देण्याची रीत आपल्याला परकी नाही. वीरसेनाचार्यांची धवला टीका घ्या. डॉ. हिरालाल जैन यांच्या हिशेबाने ती शके ७३८ मध्ये, म्हणजे इ.स. ८१६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात जुन्या गाथा जागोजाग येतात, आणि दुसऱ्याचं घेतलंय हे ‘उक्तं च’ अशा खुणेने सांगितलेलं असतं. पुष्कळदा नाव नसतं, तेवढी खूण असते. १९३९ पासून अमरावतीहून धवलेचे खंड निघायला लागले तेव्हा डॉ. जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गाथा कुठून आल्या ते हुडकून परिशिष्टांत याद्या दिल्या. पण एका ठिकाणी वीरसेनांनी तत्त्वार्थसूत्राचा उल्लेख करताना ग्रंथाबरोबर कर्त्याचंही नाव घेतलंय, गृद्धपिच्छाचार्य. मूळ सूत्रांत कर्त्याचं नाव नाही. सूत्रं कुणाची याची चर्चा आजही निघाली की वीरसेनांची ती एवढीशी नोंद साक्षीला येते. बाराशे वर्षं झाली.

आणि बायका? त्याही आहेत. मूडबिद्रीच्या ताडपत्रांत महाबंधाची प्रत आहे. तिच्या प्रशस्तीत मल्लिकब्बे या बाईचं नाव आहे. श्रीपंचमी व्रताच्या उद्यापनाला तिने ही प्रत लिहवून घेतली आणि माघनंदी आचार्यांना दिली. हे मी मोठ्या अभिमानाने भाचीला सांगितलं. ती म्हणाली, “मामी, हा पण ऋणनिर्देशच की. तिनं खर्च केला म्हणून नाव आलं. तिला काय येत होतं, तिनं ती प्रत वाचली का, हे कुठं लिहिलंय?”

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. मल्लिकब्बेमुळे तो ग्रंथ आपल्यापर्यंत पोचला एवढं मात्र मी सोडायला तयार नाही.

मार्गदर्शकांच्या शेऱ्याबद्दल मी शांतपणे विचार केला तेव्हा त्यात अर्धं तरी खरं आहे असं वाटलं. संदर्भ वाचकाला पडताळता यायला हवा. ट्रंकेतली वही कोण येऊन बघणार? उद्या वही हरवली, वाळवी लागली, तर प्रबंधातली सगळी पदं अधांतरी. हा आक्षेप रास्त आहे. पण त्यावर उपाय वहीचं नाव गाळणं हा नव्हे. वही बघता येईल अशी करणं हा आहे.

मग आम्ही दोघींनी एक रविवार घालवून वहीचे फोटो काढले. प्रत्येक पान. खिडकीजवळ टेबल घेऊन, उन्हाची तिरीप येणार नाही असं. वहीला पानांचे आकडे नव्हते. वहीवर पेन्सिलसुद्धा लावायची नाही असं मी बजावलं. फोटोंना क्रमांक दिले, पानाची पुढची बाजू अ, मागची ब, हस्तलिखितांची असते तशी पद्धत. म्हणजे तळटीपेत ‘पान १४ ब’ लिहिता येतं. सगळे फोटो प्रबंधाच्या परिशिष्टात जातील, आणि मंजूर झालेला प्रबंध शोधगंगेवर चढला की जगात कुणालाही ते बघता येतील. स्मरणिका तशी मिळत नाही. आमच्या माहितीत तिच्या आता दोनच प्रती आहेत, त्यातली एक याच ट्रंकेत.

वहीचं मिटलं, पण भाचीने गावोगावी ऐकलेल्या बायकांचं काय? इथे पद्धतींचीच गंमत आहे. एमएलए पद्धतीत मुलाखत घेतली तर बोलणाऱ्याचं नाव संदर्भसूचीत येतं. एपीए पद्धतीत प्रत्यक्ष बोलणं हा ‘व्यक्तिगत संवाद’, तो मजकुरात कंसात नोंदवायचा, सूचीत घ्यायचा नाही, कारण वाचकाला तो परत मिळवता येत नाही. एका पद्धतीत सदलग्याची म्हातारी सूचीत बसते, दुसरीत उंबऱ्याबाहेर राहते. कॅनडात तिथल्या आदिवासी समाजातल्याच एका ग्रंथपाल बाईंनी, लोरिशिया मॅकलाउड यांनी, आपल्या वडीलधाऱ्यांच्या सांगण्याचा संदर्भ कसा द्यावा याचा एक साचा तयार केला आणि २०२१ मध्ये त्याबद्दल लेख लिहिला. नाव, समाज, प्रदेश, कशाबद्दल बोलणं झालं, तारीख, आणि हे सगळं सूचीत. ग्रंथपाल बाई म्हटल्यावर मला जरा जास्तच आनंद झाला, हे कबूल.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांच्या नोंदीत ओवीला गाणारणीचं नाव आहे, गाव आहे. आता ‘पारी’च्या संग्रहात त्या ओव्या ऐकायला मिळतात, तेव्हाही कोण गातंय ते समोर असतं. ‘पारंपरिक’ असा एक शिक्का मारून त्यांना मोकळं होता आलं असतं.

भाचीने एमएलए धरली. विद्यापीठाची अट एवढीच होती की जी पद्धत घ्याल ती शेवटपर्यंत पाळा.

पण नाव घालायचं म्हटलं की नवा घोळ. सूचीत आडनाव आधी आणि पुढे नुसतं आद्याक्षर घातलं की आपल्या भागात काय होतं? पाटील, एस. चिकोडी तालुक्यात ‘पाटील, एस.’ शोधायला निघालात तर जत्रा भरेल. म्हणून पूर्ण नावं घालायची आणि गाव जोडायचं असं ठरलं. आणि बायकांच्या बाबतीत कुठलं पूर्ण नाव? बाळूताई खरे लग्नानंतर मालतीबाई बेडेकर झाल्या, आणि ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. सूची करणाऱ्याला हे माहीत नसेल तर एकाच बाईच्या तीन बायका होतात. आणि त्या तर मोठ्या लेखिका. आपल्याकडे लग्नात नावसुद्धा बदलायचं, तांदळात अंगठीने लिहायचं. मग पंधराव्या वर्षी वही लिहिणारी मुलगी आणि आज अठ्ठ्याऐंशीची बाई, कागदोपत्री दोन वेगळ्या व्यक्ती.

शेवटी भाचीने आत्तींनाच विचारायचं ठरवलं. दुपारची सामायिक झाल्यावर त्या कट्ट्यावर बसल्या होत्या.

“आज्जी, तुझं नाव घालायचंय पुस्तकात.”

“माझं कशाला? मी का केलीयात ती पदं? आमच्या आज्जीची हायती. ती म्हणायची, मी लिवून काढली. तिला कुठं लिवाय येत हुतं.”

“बरं, मग तुझ्या आज्जीचं नाव घालू. काय नाव होतं?”

आत्ती बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “आम्ही आज्जीच म्हणायचो की गं.”

त्यानंतर दोन दिवस त्यांनी माहेरच्या माणसांना फोन लावले. एक भाऊ आहे, ऐकायला कमी येतं. एक भाचा आहे, त्याने शेताचा उतारा काढून बघितला, त्यावर पणजोबांचं नाव होतं. आज्जीचं कुठेच नाही. बासष्ट पदं तोंडपाठ असलेली बाई, तिची पदं तीन पिढ्या उतरली, पण नावाला कुठे जागाच मिळाली नव्हती. आत्तींना ते लागलं. त्या तसं म्हणाल्या नाहीत, पण जेवताना दोनदा म्हणाल्या, “विचारायला पाहिजे हुतं तवा.”

त्यामुळे प्रबंधात आता कुणी काय केलं ते वेगवेगळं लिहिलंय. गाणारी: लेखिकेची आजी, नाव उपलब्ध नाही, गाव अमुक. लिहून काढणारी: आत्ती. आत्तींना कवयित्री म्हटलेलं नाही. त्या तसं म्हणू देणार नाहीत आणि ते खरंही नाही. स्मरणिकेची नोंदही आहे, संकलन आणि मुद्रण त्या गृहस्थांचं. ते आता नाहीत. अकरा पदं छापावीशी तरी त्यांना वाटली, तेवढं त्यांच्या पदरात घालायला हवं. फक्त तिथे एक तळटीप आहे. वहीत जिथे जिथे ‘तोट्टिल’ आहे तिथे स्मरणिकेत ‘पाळणा’ केलेलं आहे. त्यांना ते कानडी शब्द अशुद्ध वाटले असतील. पण आपल्या भागातल्या बायका दोन भाषांत मिळून गात होत्या हे ज्या शब्दावरून दिसतं, तोच शब्द त्यांनी पुसला. छापील प्रतीवर विसंबून राहिली असती तर भाचीचं तिसरं प्रकरण लिहिताच आलं नसतं. वही आणि स्मरणिका शेजारी ठेवून हे मार्गदर्शकांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ दोन्ही पानं बघत राहिले, आणि लाल शेरा त्यांनी स्वतः खोडला. हेही सांगायला हवं.

कुठलं नाव घालायचं ते आत्तींनीच ठरवलं. वहीवर जे नाव हाय तेच घाला, म्हणाल्या. माझ्या यजमानांना ते जरा जड गेलं. “मग लोकांना कळणार कसं, ही आपली आई म्हणून?”

“कळून काय करायचंय?” आत्ती म्हणाल्या.

तर संदर्भसूचीत आत्ती माहेरच्या नावाने आहेत, हस्तलिखित वही, १९५१, खासगी संग्रह. चौकोनी कंसात लग्नानंतरचं नाव आहे, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्हीकडून वाट मिळेल. मी ते नाव इथे लिहिलेलं नाही, कारण मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “पोरीच्या पुस्तकात दिलंय न्हवं. तुझ्या लेखात नको.” जेवढं दिलं तेवढंच घ्यायचं.

ऋणनिर्देशाचं पान अजून लिहायचं राहिलंय. त्यात आत्तींचं नाव घालायचं की नाही यावर माझं आणि भाचीचं जमत नाही. ती म्हणते, सूचीत आलं की झालं, पुन्हा आभार कशाला, पुन्हा त्या बाहेरच्या खोलीत जातील. मी म्हणते, दोन्हीकडे असू दे. गेल्या शुक्रवारी हेच चाललं होतं आणि आत्ती आतून म्हणाल्या, वहीत नसलेलं एक पद त्यांना आठवलंय, अनंताच्या व्रताचं, नीट सगळं नाही पण दोन कडवी. भाची धावत गेली. “आज्जी, थांब, हे वहीतलं नाही, हे मुलाखतीत जाईल,” म्हणाली, मोबाइल सुरू केला आणि आधी तारीख, वार आणि गाव सांगितलं.